दहा फुटांची दोरी

४ मार्च, मंगळवार

ढलप्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरल्यामुळे नव्हे. सव्वीस वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दावर अर्धा तास अडून राहिले. म्हटलं, तो शब्द तूर्त बाजूला ठेवू आणि पुढचं लिहू.

तुझी लेक इथे आली आहे. तिने तुला सांगितलं नसेल तर मी चहाडी करते आहे. सांगितलं असेल तर तू तिला अडवलं नाहीस, एवढं मी लक्षात ठेवते. परवा सकाळी वखारीच्या फाटकाशी मी दरवाजेवाल्याशी हुज्जत घालत होते. दरवाजेवाला म्हणजे आपली वखार विकत घेणारा गृहस्थ. तो तयार दरवाजे विकतो, लाकडाचे नव्हे, लाकडासारखे दिसणारे. तेवढ्यात पाठीला पिशवी लावलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, "तुम्ही मापारीणबाई ना?"

ही हाक ऐकून किती वर्षं झाली असतील! मी म्हटलं, "होते. आता मोजायला काही उरलं नाही. तू कोण गं?"

"मी ढलप्याची ढलपी," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिचा डावा डोळा तुझ्यासारखाच बारीक होतो. मला उंबऱ्यावर बसावं लागलं. गुडघ्यामुळे. तू भलतं काही समजू नकोस.

ती लाकडाच्या व्यापाराचा अभ्यास करते, हे तुला ठाऊकच असेल. चाळीस वर्षांत कोणत्या देशातून कुठे किती टणक लाकूड गेलं, कधी वाढलं, कधी आटलं, कुणी कुणाची जागा घेतली, याची ती तुलना मांडते आहे. आकडे तिच्याकडे पोत्यानं आहेत. मग इथे कशाला तंगडतोड केलीस म्हटलं, तर म्हणाली, "बाबा म्हणतात, आकडे काय, कुणीही लिहील. खरं काय आलं ते ताईच्या भिंतीवर आहे." म्हणजे तू घरात माझा विषय काढतोस तर. निदान भिंतीचा तरी.

भिंत आहे तशीच आहे. आबा दर वर्षी प्रत्येक देशाच्या पहिल्या बोटीतल्या लाकडाचा वीतभर तुकडा कापून घ्यायचे, पाठीवर साल लिहायचे आणि कचेरीत खिळ्याला अडकवायचे. ते गेल्यावर मीही तेच करत राहिले. देशांची नावं आपल्या कचेरीत कुणी घेतच नसे. लाकडाच्या रंगावरून तांबडा, पिवळा आणि काळा. 'तांबड्याची बोट लागली.' 'पिवळा यंदा रुसलाय.' 'काळ्याकडे संप आहे म्हणे.' शाळेच्या नकाशात तांबडा देश हिरव्या रंगात छापलेला पाहून मी बाईंशी भांडले होते, आठवतं? आणि पुढे तू त्याच देशात नोकरीला गेलास. जंगलखात्याच्या डेपोत छापवाला झालास. ओंडक्याचा घेर मोजायचा, आकडा छिन्नीनं कोरायचा आणि शेजारी हातोडीनं आपला छाप मारायचा. आबांना केवढा अभिमान! येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "तिकडून पोरगा मोजून पाठवतो, इकडे पोरगी मोजून घेते. मधे समुद्र असला म्हणून काय झालं, माप घरातच आहे."

मापाची दोरीही आहे. दहा फुटांची, दर फुटाला लाल दोऱ्याचे टाके आणि मधल्या इंचांना काळ्याचा एकेक. वापरून वापरून दोरी ताणते, म्हणून आबा वर्षातून एकदा ती ओट्यावर तपासायचे. ओट्याच्या दगडात बरोबर दहा फुटांवर ठोकलेले ते दोन पितळी खिळे. एका टोकाला मी, एका टोकाला तू. कचेरीच्या बाजूला सकाळी सावली असायची. ते टोक माझं, कारण मी मोठी. उन्हातलं तुझं. तू दर वर्षी न चुकता कुरकुरायचास. एकदा म्हणालास, "एक टोक खांबाला बांधा की, आबा." आबा म्हणाले, "खांब ओढत नाही रे. समोरचा ओढतो तेव्हा कळतं, आपण किती ओढतोय ते." मग दोरी जेवढी ताणलेली असेल तेवढे टाके उसवून ते नव्यानं घालायचे. शिंप्यानं लाजावं असे टाके.

त्या बोटीबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझी चौपन्न लाकडं कमी भरली, ती कमी भरली. मापं मी स्वतः घेतली होती. दोरी दर वर्षी तपासली जात होती. मी माझं काम केलं.

लेक माझ्याकडेच राहते आहे. भात कमी खाते, बोलते जास्त.

ताई


९ मार्च, रविवार

ढलप्या,

काल तुझ्या लेकीनं भिंत ओट्यावर उतरवली. सगळे तुकडे काढले, पुसले आणि सालवार तीन रांगांत मांडले. दरवाजेवाला बघायला आला आणि म्हणाला, "बाई, पत्ते मांडताय का?" मी म्हटलं, "हो, तुमचं भविष्य बघतेय. लाकूड दिसत नाहीये त्यात." गेला बिचारा.

वर्षानुवर्षं हे तुकडे माझ्या डोक्यावर टांगलेले होते, पण असे शेजारी शेजारी मी कधी पाहिलेच नव्हते. पहिल्या सालांचे तुकडे घे. वर्तुळं इतकी दाट की नखानं मोजू म्हटलं तर मोजता येत नाहीत. दीड-दोनशे वर्षांची झाडं असणार ती. पुढे पुढे वर्तुळं रुंद होत जातात. शेवटी शेवटी तर अंगठा मावेल एवढी. कालची पोरं तोडून पाठवलेली. तिन्ही रांगांत हेच, फक्त आधी-नंतर. पिवळ्याचं आधी, मग काळ्याचं, तांबड्याचं सगळ्यात शेवटी. लेक तिच्या वहीत काहीतरी भराभर लिहीत होती. मी मात्र तुकड्यांवरून नुसती बोटं फिरवत बसले.

मग मला हुक्की आली. कपाटातून आबांचा छोटा रंधा काढला आणि एकेका तुकड्यावर एकेक हात मारला. ढलप्या, वास आहेत रे अजून! वरचा धूळकट थर निघाला की आत सगळं तसंच. तांबड्याचा ओल्या चामड्यासारखा. पिवळ्याचा आंबूस. काळ्याचा मिऱ्यांसारखा; पोरगी सात वेळा शिंकली. मला एकदम आख्खी वखार दिसली. धक्क्यावरून येणारे ट्रक, ओंडका गडगडत उतरताना "आस्ते, आस्ते" म्हणणारा आपला तो मुकादम, जो स्वतः कधीच आस्ते बोलला नाही. शाळेतून आल्यावर आपण ओंडक्यांवरून चालण्याची पैज लावायचो. आणि तुझी मोजायची तऱ्हा. हात पसरून ओंडक्याला मिठी मारायचास आणि ओरडायचास, "दोन मिठ्या आणि वर एक हात!" आबा दोरीनं मोजून बघायचे आणि निम्म्या वेळा तू बरोबर निघायचास. तुझी लेक म्हणते, बाबा अजून बागेतल्या झाडांना मिठ्या मारतात, आई लाजेनं दुसरीकडे बघते.

हे सगळं संपलं कसं, ते त्या तीन रांगांत सरळ दिसतं. आधी पिवळ्यानं सांगितलं, गोल लाकूड बंद. झाड आमचं, तर करवतही आमचीच चालेल. फळ्या घ्यायच्या तर घ्या. त्या वर्षापासून पिवळ्याच्या तुकड्याला झाडाची साल नाही, चौकोनी कडा. तीन वर्षांनी काळ्यानं तेच केलं. तांबडा सगळ्यात भोळा, तो गोल लाकूड पाठवत राहिला. तुझ्या त्या बोटीनंतर दोन वर्षांनी त्यानंही दार लावून घेतलं. पुढे काळ्याची रांग नऊ वर्षं रिकामी, भिंतीवर नुसते खिळे. पिवळ्याकडून बोटबोट रुंदीच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या फळ्या यायला लागल्या. तो तुकडा हातात धरून लेक म्हणाली, "आत्या, हे झाड आहे की गोधडी?"

आणि आता नवी गंमत. आपल्याकडचं लागवडीचं लाकूड हल्ली तुमच्याकडे जातं म्हणे. तुझ्या घराच्या खिडक्या इकडच्या लाकडाच्या आहेत, असं तिनं सांगितलं. तांबड्याला आपण लाकूड विकायचं! आबा असते तर म्हणाले असते, आता समुद्राला मीठ विकून या.

रांगा मांडून झाल्यावर मला एक गोष्ट दिसली. ती मी तिला सांगितली नाही. तुलाही आज सांगत नाही. पण नंतर ती मागच्या कुंपणाशी गेली आणि तिनं विचारलं, "आत्या, हा एकटाच का इथे?"

तुझ्या त्या बोटीतला एक ओंडका आहे. मी तो विकला नाही. का, ते विचारू नकोस. गिऱ्हाइकं आली, मी किंमत अशी सांगायची की ती पळून जायची. बुडावर तुझा छिन्नीचा आकडा आहे, ७-२. सात फूट दोन इंच. शेजारी तुझा छाप. आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगात, चांगला हातभर मोठा, माझा आकडा. ६-१०.

ती म्हणाली, "मोजू या?" मी म्हटलं, "काय मोजायचंय? मोजून झालंय." तिनं कचेरीत जाऊन टेबलाचा खालचा खण उघडला. तुझीच लेक, विचारण्याची पद्धत नाही. खणात तू पाठवलेली मापाची पोलादी पट्टी होती, गुंडाळीची. वेष्टन फोडलेलं नव्हतं. वर तुझ्या अक्षरात 'ताईस'. फळ्या मोजायला माझ्याकडे लोखंडी गज होता आणि गोल लाकडाला आबांची दोरी, मग मला कशाला तुझी पट्टी? असं मी तेव्हा म्हटलं होतं.

तिनं वेष्टन फोडलं. पट्टीचा वेढा घातला. सात फूट एक इंच.

वाळलेलं लाकूड आकसतं, ढलप्या. वाढत नाही. हे मी तुला सांगायला नको.

आज इथेच थांबते.

ताई


१७ मार्च, सोमवार

ढलप्या,

लेक परत निघाली. तिच्या पिशवीत तांबड्याचा सगळ्यात जुना तुकडा दिला आहे. माझ्याकडून नव्हे, आबांकडून म्हणून ठेव.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. दोरी दर वर्षी तपासली जात नव्हती. शेवटची तपासली ती आबा जाण्याच्या वर्षी. तू सुट्टीवर आला होतास. मी सावलीत, तू उन्हात. आबांचे हात थरथरत होते, तरी टाके त्यांनीच घातले, आपल्याला सुई लावू दिली नाही. दहा फुटांना पुरा दिवस लागला. तू परत गेलास आणि दीड महिन्यात आबा गेले.

त्यानंतर सात वर्षं मी त्या दोरीनं मोजत होते. हमाल जिवाच्या करारावर ओढायचे. दर वर्षी दिवस यायचा आणि मी काहीतरी निमित्त काढायचे. कधी बोट लागलीय, कधी टोक धरायला कुणी नाही. टोक धरायला छप्पन्न माणसं होती वखारीत. खरं सांगू का? दोरी ताणलेली निघाली असती तर टाके उसवावे लागले असते. आबांच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. चष्मा तू नेलास, छत्री चोरीला गेली. ते टाके रोज माझ्या बोटांखालून जायचे. ते मी माझ्या हातानं कसे उसवणार होते?

आणि आता ती गोष्ट, रांगांत दिसलेली. ज्या वर्षी तुझी बोट आली, त्या वर्षापर्यंत पिवळ्याच्या आणि काळ्याच्या फळ्याच यायला लागल्या होत्या. त्या मी गजानं मोजत होते, आणि त्या तंतोतंत बरोबर भरत होत्या. दोरीनं फक्त तांबड्याचंच लाकूड मोजलं जात होतं. मी बसून तिन्ही देशांची तुलना केली, स्वतःला फार शहाणी समजून. पिवळा बरोबर. काळा बरोबर. तांबडाच तेवढा दर बोटीला कमी, आणि दर वर्षी जरा जास्तच कमी. मग माणूस काय समजणार? तांबड्याकडे कुणीतरी आकडे फुगवतंय. आणि तांबड्याकडचे आकडे कोरणारा तू. दोष मापात असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. इथे तर अंगणाला मी चोर ठरवलं.

तुला आधी विचारायला हवं होतं. सख्खा भाऊ तू. पण मला वाटलं, घरातलं माणूस म्हणून झाकलं तर लोक काय म्हणतील. आपण किती सचोटीचे, हे मला दाखवायचं होतं. म्हणून तुझ्या डेपोच्या मोठ्या साहेबांना सरळ तक्रार ठोकली, चौपन्न आकड्यांची यादी जोडून. मुकादमाला वर म्हटलंही, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, बघा कसा निघाला आमचा." दांडा कोण होता, ते आता बघ.

तक्रारीनंतर तुझं कार्ड आलं होतं. ते मिळालंच नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. मिळालं होतं. त्याच खणात, पट्टीच्या खाली आहे. एकच ओळ. 'ताई, दोरी तपासलीस का?'

मी ते वाचलं आणि माझा संताप संताप झाला. कारण मला तिथल्या तिथे कळलं होतं. सगळं नाही, पण पुरेसं. ओटा दहा पावलांवर, दोरी खिळ्याला. मी गेले नाही. कार्ड खणात टाकलं आणि तुला उत्तर दिलं नाही. तू पुन्हा लिहिलं नाहीस. दोन वर्षांनी तांबड्याचं गोल लाकूड बंद झालं तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. दोरीची गरजच संपली. आई म्हणायची ना माझ्याबद्दल, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तुझं काय झालं, ते मला आत्ता, तुझ्या लेकीकडून कळलं. साहेबांनी हातोडी काढून घेतली. सगळ्या डेपोसमोर. मग निवृत्त होईपर्यंत तुला फाटकावर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. ती म्हणाली, "बाबा घरी सांगायचे की बसून काम मिळालं, बरंच झालं." मी तिच्यासमोर रडले, ढलप्या. गुडघ्याचं निमित्त या वेळी सांगत नाही.

ती जाण्याआधी तिला म्हटलं, चल, टोक धर. ओट्यावर दोरी लावली. सवयीनं मी सावलीतल्या खिळ्याशी उभी राहिले आणि तिला उन्हात पाठवलं. तिनं ओढलं. तुझ्यासारखंच ओढते, ओठ दाबून. दहाव्या फुटाचा टाका खिळ्याच्या पुढे गेला. किती, ते तिनं पट्टीनं मोजलं. सहा इंच.

तुझे चौपन्नच्या चौपन्न आकडे बरोबर होते.

क्षमा कर असं लिहिणार होते. तीन वेळा लिहून खोडलं, कारण तेवढ्यानं भागत नाही. तरीही लिहिते. मला क्षमा कर.

ताई


२० एप्रिल, रविवार

ढलप्या,

तुझं उत्तर नाही. लेकीचं पत्र आलं. ती लिहिते, "बाबा तुमची पत्रं वाचतात, घडी घालतात आणि शर्टाच्या खिशात ठेवतात. बोलत काही नाहीत. आईनं शर्ट धुवायला मागितला तर देत नाहीत." बरं आहे. मीही सव्वीस वर्षं बोलले नव्हते. हिशेबानं तुझा बराच वेळ बाकी आहे.

मी मात्र स्वस्थ बसलेले नाही. तुझ्या डेपोला पत्र लिहिलं. तक्रार मागे घेते, चूक माझ्या मापाची होती, छापवाल्याची नव्हती, असं स्पष्ट, सही करून. सोबत ओंडक्याच्या बुडाचा फोटो, पट्टी लावलेला. काल पाकीट परत आलं. वर शिक्का, 'सदर कार्यालय बंद'. मग लेकीनं सांगितलं की डेपो मोडून बारा वर्षं झाली. तोडायला झाडं नाहीत तर डेपो कशाला? मोठे साहेबही गेले. तक्रार करायला केवढं दार उघडं होतं, आणि माफी मागायला एक खिडकी शिल्लक नाही.

मग ज्यांना मी तेव्हा सांगितलं होतं, त्यांना गाठायचं ठरवलं. मुकादम आहे अजून. लेकाकडे असतो, ऐकू कमी येतं. त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, "माझा भाऊ चोर नव्हता! दोरी ताणलेली होती!" खाली रस्त्यावर लोक थांबले. मुकादम म्हणाला, "बाई, ते आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. ओढायचो ना आम्हीच." मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाला, "तुम्हाला बोलायची कुणाची छाती होती?" आयुष्यात पहिल्यांदा तो इतक्या हळू आवाजात बोलला की मलाच दोनदा विचारावं लागलं.

घरी आले आणि दोरी मांडीवर घेतली. टाके उसवले. सगळे. प्रत्येक फुटाच्या खुणेला अकरा लाल टाके आहेत, तुला माहीत होतं का? मला आत्ता कळलं. उसवताना वाटलं होतं तसं झालं नाही. टाके एकामागून एक सुटत गेले. एका ठिकाणी दोऱ्यात आबांचा पांढरा केस गुंतलेला निघाला. आबांचाच की माझा, कोण जाणे. दोरा आणि केस दोन्ही चष्म्याच्या रिकाम्या घरात ठेवले आहेत.

दोरी आता कोरी आहे. नव्या खुणा घालायच्या तर ओट्यावर लावून घालाव्या लागतील. काल एकटीनं करून बघितलं, एक टोक खांबाला बांधून. जमलं नाही. किती ओढायचं ते कळेचना.

दरवाजेवाल्याला ताबा एक तारखेला द्यायचा आहे. ओटा तो पहिल्या दिवशीच फोडणार. दगड नको आहे त्याला, सपाट जमीन हवी. मी त्याला दहा दिवस जास्त मागितले. म्हणाला, "बाई, दोरीला खुणा घालून तुम्ही मोजणार काय?" मी म्हटलं, "एक ओंडका आहे." त्यानं मागच्या कुंपणाकडे नजर टाकली. मग म्हणाला, "दहा म्हणजे दहा. अकराव्या दिवशी मशीन येईल." माणूस वाईट नाही, दरवाजे वाईट आहेत.

मी बोलावते आहे असं समजू नकोस. बोलवायला तोंड हवं. फक्त कळवते आहे.

ताई


३ मे, शनिवार

प्रिय ढलप्या,

कार्ड मिळालं. एकच ओळ. पोस्टमन फाटकाशी उभा होता, त्याच्यासमोरच वाचलं. 'ताई, नवव्या दिवशी पोचतो. लाल दोरा आणून ठेव, ऊन वाढायच्या आत उरकू.'

म्हणजे नऊ तारीख, शुक्रवार. हे पत्र तुझ्या हातात पडेल की तू आधीच निघालेला असशील, देव जाणे. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दोरा आणला. तीन दुकानं फिरले, हवा तसा लाल मिळेना. शेवटी मिळाला तो जरा उजळ आहे. आबांनी नाक मुरडलं असतं. सुया दोन आणल्या आहेत. तुलाही टाके घालावे लागतील, माझ्या एकटीच्या डोळ्यांना एकशे दहा लाल आणि वर तेवढेच काळे झेपायचे नाहीत. तुझे टाके वाकडे येणार हे मला ठाऊक आहे. येऊ देत. अंतर बरोबर असलं म्हणजे झालं.

ओंडक्यावरचा माझा पांढरा आकडा खरवडायला घेतला होता. मग थांबले. तू आलास की नव्या दोरीनं मोजू, जे भरेल ते लिहू, आणि माझा आकडा तुझ्या हातानं खरवड. दरवाजेवाल्याला सांगून ठेवलं आहे की ओंडका विकायचा नाही, तो तुझ्या लेकीचा. ती त्याचं काय करेल ते करो. तिच्या त्या मोठ्या तुलनेत चौपन्न लाकडांची एक ओळ असेल, तिथे तिनं तळटीप घातली आहे म्हणे. 'आयात करणाऱ्याच्या मापात चूक.' मी तिला लिहिलं, आयात करणारी असं लिही. पळवाट नको.

कचेरीत आता खाट नाही, तेव्हा राहायला माझ्याकडेच यावं लागेल. जिना अरुंद आहे आणि तिसरी पायरी हलते. मी हल्ली पहाटे उठते, आवाज झाला तर ओरडायचं नाही. आणि आल्या आल्या मिठी वगैरे मारायला येऊ नकोस, मी काही ओंडका नाही. म्हणजे, मारलीस तर मारलीस.

सकाळी सातला ओट्यावर जाऊ. कचेरीच्या बाजूला अजून तशीच सावली पडते, काल मुद्दाम जाऊन बघून आले. मी उन्हाची टोपी घेतली आहे. या खेपेला सावलीतलं टोक तू धर.

तुझी,
ताई